मायनस अठरा

पद्मावती गेली तेव्हा मी अमिरातीतून सौदीत शिरायच्या रांगेत उभा होतो. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना वाळू. माझ्या ट्रेलरमध्ये गोठवलेली कोंबडी होती. तो ट्रेलर म्हणजे चाकांवरचा फ्रीझर, आम्ही त्याला रीफर म्हणतो. रियाधच्या गोदामात माल उतरेपर्यंत आत मायनस अठरा ठेवायचं. केबिनमधला एसी मात्र गेल्या उन्हाळ्यापासून बंद होता. ऑफिसला सांगून सांगून थकलो. कोंबडी दोन डिग्रीनं गरम झाली तर लगेच फोन येतो, कारण ट्रेलरमधलं मीटर ऑफिसच्या स्क्रीनवर दिसतं. ड्रायव्हरला तसलं मीटर लावलेलं नसतं.

पद्मावती फोनवर विचारायची, "एसी चालू आहे ना हो?"

"चालू आहे. गारठलोय मी."

"मग शाल घ्या की," म्हणायची आणि हसायची. तिला माझं खरं वाटायचं की नाही, मला कधी कळलं नाही.

आम्ही मूळचे उदगीरकडचे. माझ्या वडलांनी शेती सोडून हैदराबादच्या मलकपेठेत घर केलं. मी हैदराबादेत लॉरी चालवायचो. नागपूर, सोलापूर, विजयवाडा. आठवड्यातून एकदा तरी घरचं जेवण मिळायचं. आमचा मुलगा विक्रम बारावीला असताना आबिड्स भागातल्या एका एजंटनं गळ घातली आणि मी दोन वर्षांसाठी म्हणून सौदीला गेलो. अकरा वर्षं झाली.

तिथलं ड्रायव्हिंग लोकांना वाटतं तसं नसतं. रस्ता चांगला असतो, गाडी चांगली असते. माणसाची काय हालत होते ते कोणी विचारत नाही. सीमेवरच्या रांगेत दोन दोन, तीन तीन दिवस जातात. जागा सोडली की मागचा घुसतो, म्हणून केबिन सोडता येत नाही. लघवी बाटलीत. ट्रेलरच्या बाजूला लोखंडी पेटी असते, तिच्यात शेगडी आणि डबे. त्या पेटीचं दार उघडून उभ्या उभ्या भात शिजवायचा आणि उभ्या उभ्या खायचा. सावली म्हणजे फक्त आपल्याच ट्रेलरची, पण तिथे रीफरचं इंजिन गरम वाफ सोडत असतं.

त्या रांगेत सकाळी विक्रमचा फोन आला.

"बाबा, गाडी बाजूला घ्या."

"गाडी उभीच आहे. बोल."

"आई गेली."

भाजी घेऊन आली, पायरीवर बसली, पाणी दे म्हणाली. विक्रम पाणी घेऊन आला तोवर मान कलली होती. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझ्या मागच्या ट्रकमध्ये ख्वाजा होता, हैदराबादच्याच चंचलगुड्याचा. मी खाली उतरून चाकाला टेकलो ते पाहून तो धावत आला. "क्या हुआ दत्तूभाई?" सांगितल्यावर त्यानं माझे दोन्ही खांदे धरले. "तुम जाओ. गाडी मैं देखता." जायचं कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी ऑफिसला फोन लावला. आमच्या गाड्यांचं सगळं हेमंत बघायचा. पुण्याचा मुलगा, सौदीतल्याच दमाम शहरातल्या ऑफिसात. तो तिथे लागला तेव्हा मला आनंद झाला होता. वाटलं, आपली भाषा बोलणारं कोणीतरी आलं.

"काका, फार वाईट झालं," तो म्हणाला. "मनापासून सांगतो."

"मला घरी पाठव बाबा."

"पाठवतो ना. पण काका, समजून घ्या. कस्टमच्या कागदावर गाडी, माल आणि तुमचं नाव एकत्र आहे. गाडी सोडून तुम्हाला हलताच येणार नाही. सीमा ओलांडा, रियाधला माल उतरवा, पोच पाठवा. त्याच तासाला देश सोडायचा, एक्झिटचा कागद काढतो. प्रॉमिस."

"सीमेपलीकडे दुसरा ड्रायव्हर पाठव. मी गाडी त्याच्या ताब्यात देतो."

"कुठून आणू काका? ईद तोंडावर आहे. सगळे रोडवर आहेत." जरा थांबून तो म्हणाला, "आणि काका, टेंपरेचर मायनस सतरा दाखवतंय. जरा बघता का?"

मी बघितलं. मागच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. मी ते दाबून बसवलं, वरून चिकटपट्टी मारली. बायको गेल्याचं कळल्यावर मी पहिलं काम हे केलं.

हैदराबादेत बाहेरगावचं कोणी यायचं असलं की काचेच्या झाकणाची फ्रीझरपेटी भाड्यानं आणतात आणि गेलेल्या माणसाला घरातच ठेवतात. आमच्या गल्लीत कोणाचा मुलगा अमेरिकेहून यायचा असला की ती पेटी टेंपोतून उतरताना दिसायची. या वेळी ती आमच्या दारात उतरली. माझ्यासाठी.

माझी थोरली बहीण मालनबाई नारायणगुड्याहून येऊन बसली होती. तिनं विक्रमच्या हातातून फोन घेतला.

"दत्तू, सवाष्ण गेली आहे. तुझ्या हातचं कुंकू लागल्याशिवाय उचलायची नाही. आपल्या आईला बाबांनी लावलं, आजीला आजोबांनी लावलं. घरची रीत आहे."

"अक्का, मला उशीर होईल."

"होऊ दे. पेटी आणली आहे. इतकी वर्षं तुझी वाट बघितली तिनं, आणखी दोन दिवस बघेल."

मलाही तेच पाहिजे होतं. खोटं कशाला सांगू? तिचं तोंड बघायचं होतं, कपाळाला बोट लावायचं होतं. अकरा वर्षांत मी तिला सगळं ठीक आहे, एसी चालू आहे, एवढंच सांगत आलो होतो. यापेक्षा जास्त काहीतरी एकदा तरी करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सीमा सुटली. मी रियाधचा रस्ता धरला. तो रस्ता सरळ आहे, वळण नाही, झाड नाही. खिडकीतून आत येणारी हवा भट्टीसारखी. मी ओला टॉवेल डोक्यावर टाकून चालवत होतो. विक्रमचा फोन आला.

"बाबा, पेटी नीट गार होत नाहीये. काचेवर पाणी धरतंय."

"वायर कुठून घेतली?"

"एक्स्टेन्शन बोर्डवरून."

"ती काढ. जाड वायर आण. मीटरजवळच्या बोर्डातून थेट घे, खिडकीतून आत आण. पेटी भिंतीला चिकटवू नको, मागे हातभर जागा सोड. गरम हवा बाहेर पडली पाहिजे. आणि झाकण कोणाला उघडू देऊ नको. एकदा उघडलं की परत गार व्हायला फार वेळ जातो."

"हौ बाबा."

मागून मालनबाईचा आवाज आला. "काय सांगतोय तो? झाकण उघडू नका म्हणतोय?" मग ती थेट फोनवर. "अरे, बायका येताहेत हळदीकुंकू घेऊन. काचेवर लावू का? आमची पद्मा आहे ती, तुझी कोंबडी नाही!"

आरशात रीफरचं मीटर दिसत होतं. मायनस अठरा. आत अंधारात हजारो कोंबड्या ताठ पडल्या होत्या आणि त्यांचं झाकण कोणी उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रियाधच्या बाहेर पोचलो. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात सोडत नाहीत. शहराबाहेर उघडं मैदान आहे, तिथे संध्याकाळपर्यंत थांबायचं. पुन्हा रांग. ख्वाजाची गाडी माझ्या शेजारीच लागली. त्यानं चहा आणून दिला, तो तसाच निवला.

दुपारी विक्रमचा फोन.

"बाबा, इथे ट्रान्सफॉर्मर जळालाय. सकाळपासून करंट नाही. पेटीवाल्यानं जनरेटर आणला होता, तोही सारखा बंद पडतोय."

"बरं."

"उदबत्त्या सारख्या लावाव्या लागताहेत, बाबा."

पुढचं मला सांगायची गरज नव्हती. दार नीट न लागलेला ट्रेलर मी एकदा उघडला आहे. पद्मावती अंगावरच्या लुगड्याला हळदीचा डाग पडला तरी बदलून यायची. दारात कोणी आलं तर आधी केस नीट करायची. ती तशी पडली होती, आणि गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावून तिच्याभोवती बसल्या होत्या.

"आता थांबू नका," मी म्हणालो. "न्या तिला."

"आत्या ऐकत नाही. म्हणते, माणूस वाटेत आहे तोवर थांबायचं. काल पण तुम्ही न्या म्हणाला असता तरी तिनं ऐकलं नसतं." मग त्याचा आवाज बदलला. लहानपणी अंधारात हाक मारायचा तसा झाला. "बाबा, खरं सांगा. किती वेळ लागेल? उद्या येत असाल तर मी बर्फ आणतो. लाद्या लावतो चारी बाजूंनी. थांबू आम्ही. आईला तुम्हीच लावायला पाहिजे कुंकू."

संध्याकाळी गेट उघडणार, रात्रीत माल उतरणार, सकाळी कागद, मग विमान. उद्या रात्री मी मलकपेठेत असतो. उद्या रात्री म्हटलं असतं तर ते थांबले असते. मालनबाईनं थांबवलं असतं, आणि विक्रमही थांबला असता. त्यानं आपल्या आईला बर्फाच्या लाद्या लावल्या असत्या, आणि त्या वितळताना बघत बसला असता.

"स्पीकरवर टाक," मी म्हणालो. "अक्का, ऐकतेस का?"

"बोल. निघालास का विमानात?"

"मी येत नाही."

"काय?"

"ऑफिसनं दुसरी ट्रिप दिली आहे. दमामची. ईदचं काम आहे, मी घेतली. तुम्ही उरकून घ्या."

पलीकडून मला भजनाच्या टाळांचा आवाज ऐकू आला. शेजारच्या घरात कोणीतरी बसवलं असणार.

"बाबा, काय बोलताय तुम्ही?" विक्रम म्हणाला.

"बोललो ते ऐकलंस ना?"

"तिला कुंकू कोण लावणार मग?" मालनबाई ओरडली. "तुझा शेठ?"

"तू लाव."

"थू तुझ्या जिंदगानीवर! बायको पेटीत पडली आहे आणि हा ट्रिप घेतोय. अरे, ती रोज तुझ्या नावानं ताट वाढून झाकून ठेवायची रे. मला हसू यायचं. आता कळलं, कसल्या माणसासाठी ठेवायची ते." मग ती विक्रमकडे वळली. "विक्रम, माणसं बोलाव. उचला. हा आजपासून आपला कोणी नाही."

फोन बंद झाला. ख्वाजा काचेशी आला. "क्या बोले घरवाले?"

"ले जा रहे."

त्यानं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्या गाडीला टेकून उभा राहिला, ऊन त्याच्या तोंडावर असताना.

गोदामात माझा नंबर लागला. मालाची तपासणी करणाऱ्यानं मधलं एक खोकं काढलं, कोंबडीत थर्मामीटर खुपसला, वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मायनस अठरा! माशाल्ला. तू चांगला ड्रायव्हर आहेस."

पोच पाठवल्यावर हेमंतचा फोन आला. "काका, शब्द पाळला बघा. एक्झिटचा कागद तयार आहे. सकाळचं विमान मिळेल."

त्यानं शब्द पाळला, हे सांगितलं पाहिजे. मी म्हणालो, "नको. दमामची ट्रिप आहे का?"

"अं? आहे ना, पण..."

"दे."

"काका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून कंपनी चालते," तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच भरून आला होता.

मी दुसऱ्या दिवशी मलकपेठेत दिसलो असतो तर विक्रमनं हिशेब केला असता. एकच दिवस, एकच दिवस थांबलो असतो तर. तो हिशेब त्यानं जन्मभर केला असता. म्हणून मी दमामला गेलो. तिथून आणखी एक फेरी केली. सांगितलेलं खोटं मी खरं करून टाकलं.

तेराव्याला घरी पोचलो. विक्रमच्या डोक्यावर केस उगवायला लागले होते. त्यानं माझी बॅग घेतली, आत नेऊन ठेवली. मालनबाई स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही. जेवायला माझं पान सगळ्यांच्या पंक्ती उठल्यावर मांडलं.

हॉलमध्ये भिंतीपासून हातभर जागा सोडून फरशीवर पेटीच्या पायांचे डाग होते. वर खिडकीतून आलेली काळी जाड वायर तशीच होती. जागोजागी खिळे मारून, टेप लावून नीट बसवलेली. कुठे लोंबत नव्हती. मी सांगितली होती तशी.

"काढू का ती?" विक्रमनं विचारलं. आल्यापासून तो पहिल्यांदा बोलला.

"काढ."

तो स्टुलावर चढला. एकेक खिळा उपटू लागला. मी खालून वायर धरली.

"दमामची ट्रिप कशी झाली?"

"झाली."

"काय माल होता?"

"कोंबडीच."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. खाली उतरला, माझ्या हातातलं टोक ओढून घेतलं आणि सगळी वायर गुंडाळून पोटमाळ्यावर टाकली.