दोरीवरचे मोठे लंगोट

आमच्या शेरीत, गल्लीच्या तोंडाशी नयनाबेन दिसली की दारं आपोआप लोटली जायची. सरकारी बाई, हातात यादी. आज नाव विचारील, उद्या रेशन कापील, कोणी सांगावं!

त्या दिवशी ती रळियातबाच्या ओट्यावर आली तेव्हा बा बाजरी निवडत होती, सून लाभू छास घुसळत होती.

“घरात माणसं किती, बा?”

“चार. मी, माझे दोन पोरगे अन् ही वहू.”

“अपंग मूल?”

“देवानं तसलं काही दिलं नाही हो!” म्हणत बानं लाभूला खुणावलं. लाभूनं आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

नयनाबेनची नजर दोरीवर गेली. लंगोट वाळत होते, चांगले हातभर लांब.

“गाडी पुसायची फडकी आहेत ती,” बा म्हणाली. कोणी विचारलंही नव्हतं.

खरं काय ते साऱ्या शेरीला ठाऊक. लाभूची सात वर्षांची मंजरी धान्याच्या खोलीत होती. पोरीला बसता येत नव्हतं, पाय ताठ होत चालले होते. धाकट्या दिराची सोयरीक जुळत आली होती. पोर दिसली की ‘घराण्यात खोट आहे’ म्हणतील, ही बाची धास्ती. लाभूची शंका वेगळीच. मागे एक साहेब आला, मंजरीच्या हातात केळं देऊन फोटो काढला, आणि गेला तो गेलाच मेला.

नयनाबेन म्हणाली, “तालुक्याच्या शाळेत दर गुरुवारी व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण येते. पाय पुरते आखडायच्या आत मूल आलं, तर बसायला शिकू शकतं. आधाराची खुर्चीही मिळते. पण यादी आज बंद होतेय.”

“नेतात अन् आश्रमात टाकतात,” बा पुटपुटली.

लाभूनं हळूच विचारलं, “आईला बसू देतात का जवळ?”

“आईलाच शिकवतात, बेन. पोर तुझ्याच मांडीवर.”

“तुला गं कशाला चौकशा?” बा कडाडली.

नयनाबेननं लाभूपुढं कागद धरला. “मग सही कर इथं. घरात असं मूल नाही म्हणून. गेल्या साली तूच केली होतीस.”

लाभूनं पेन घेतलं. तेवढ्यात आत वाटी आपटली. भूक लागली की मंजरी वाटी आपटायची. टीव्हीच्या गोंगाटातूनही ऐकू आली ती.

लाभू उठली. टीव्ही बंद केला आणि पोरीला दोन्ही हातांवर उचलून भर उन्हात ओट्यावर आणलं.

“लिहा. मंजरी. वय सात. आई मी.”

“सोयरीक मोडेल, करंटे!”

“मोडू दे, बा. दिरभाईला दुसरी मुलगी मिळेल. हिला दुसरे पाय कुठून आणू मी?”

नयनाबेननं नाव लिहिलं. मग म्हणाली, “या शेरीतल्या अकरा घरांना विचारून आले, लाभूबेन. सगळी म्हणाली, अख्ख्या शेरीत असं मूलच नाही. सह्यासुद्धा केल्या.”

त्यातली तिसरी सही माझी. मी समोरच राहते. ते लंगोट मी सात वर्षं रोज बघत होते.