चेपलेल्या कडेची गोष्ट

चकतीची सपाट बाजू आपल्याकडे ठेवायची आणि 'का' म्हणून विचारायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघरातला हा नियम घरातल्या प्रत्येक पोरीला नाक पुसायच्या वयापासून ऐकवला जातो. ज्या कडेमुळे ती बाजू सपाट होते, ती कड माझी. मी बोलतोय, चकत्या कापायचा डबा.

जन्माने मी दूध पावडरचा. पावडर संपल्यावर घरातल्या आजोबांनी माझं झाकण आणि बूड कापलं, कडा कानशीने घासल्या आणि म्हणाले, "घ्या, पुरीमला उपयोगी पडेल." तेव्हापासून वर्षभर मी फळीवर धूळ खातो आणि पुरीमच्या आदल्या दिवशी सगळे मला "अरे, डबा कुठंय?" म्हणून हाका मारत शोधतात.

पुरीम हा ज्यूंचा सण. त्याला या घरात बिस्किटासारख्या गोड टोप्या भाजतात. मी चकती कापायची, तिच्या मधोमध खसखस आणि मधाचं सारण ठेवायचं, तीन बाजू वर घ्यायच्या, कोपरे चिमटायचे. ती झाली सणाच्या कथेतल्या दुष्ट हामानची तिकोनी टोपी. चांगल्या टोप्या ताटात घालून शेजारी पाठवतात. फुटलेल्या घरात खातात, आणि खरं सांगू, सगळ्यांना त्याच जास्त आवडतात.

आता माझ्या पोच्याची हकिकत. मोठी आत्या आठ वर्षांची असताना जॅमची बरणी काढायला माझ्यावर चढली. मी आडवा पडलेला, ती चांगली गुटगुटीत. तिला बरणी मिळाली, मी चेपलो. आजीने कान धरला, तेव्हा पोरीने ओठांवरचा जॅम चाटत सांगितलं, "आई, हामान हरला ना, तेव्हा त्याची टोपी एका बाजूने चेपली होती! आता कसं बरोबर झालं!"

आजीला पटलं. झाला नियम. पुढे आत्यालाही तो खरा वाटू लागला. आपणच मारलेली थाप माणसं इतक्यांदा सांगतात, की शेवटी तिच्याच पाया पडतात.

अडचण एकच. सपाट बाजूला पीठ कमी पडतं, तिथले कोपरे ओव्हनमध्ये उघडतात आणि सारण ट्रेभर पसरतं. आत्याचे मात्र कधी उघडले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी या घरात सून आली. तिच्या टोप्या दरवर्षी फुटल्या. तिची एकही टोपी कधी शेजाऱ्यांच्या ताटात गेली नाही. "हात लागतो त्याला," आत्या म्हणायची. "एकेकीचा नसतोच. त्याला कोण काय करणार?"

यंदा तर आत्याने तिला लाटण्याजवळही येऊ दिलं नाही. "तू ट्रे घास हो. ते छान जमतं तुला."

 सुनेने नळ फार जोरात सोडला.

चकत्या कापत होती तिची नणंद. प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घेते, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणतात. माझ्याभोवतीची तिची बोटं एकदम थांबली. ती आत्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

"आत्या, काय केलंस आत्ता?"

"कुठं काय?"

"दुमडायच्या आधी सपाट बाजू अंगठ्याने ओढून घेतलीस. मघाशी पण घेतलीस. प्रत्येक वेळी घेतेस!"

"सवय असते गं हाताची."

"मग तीन वर्षांत वहिनीला का नाही सांगितलीस ही सवय?"

"हे बघ वकीलबाई, कोर्ट बाहेर. इथे टोप्या होतायत."

"मुळात सपाट बाजू हवीच कशाला?"

"हामानची टोपी चेपली होती म्हणून! शंभरदा सांगितलंय."

"मी सगळी कथा वाचली. कुठे काही चेपलेलं नाही. तुला कोणी सांगितलं?"

"आईने."

पोरगी वळली. "आजी, तुला कोणी सांगितलं?"

आजीने चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच विचार केला. "मला? मला हिनेच सांगितलं. एवढीशी होती. तोंडाला जॅम होता बघ."

आत्याच्या हातातली चकती हातातच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"सण तोंडावर आलाय," ती पुटपुटली. "काप बरं पुढच्या चकत्या."

"नाही कापणार. हा पोचा निघेपर्यंत एकही नाही. आणि आज ट्रे मी घासेन. वहिनी, हात पूस आणि ये इकडे."

तिने माझ्या पोटात लाटणं घातलं आणि सगळा भार टाकला. टण्ण! पन्नास वर्षांचं माझं पोटदुखणं गेलं. बाजूला एक बारीक रेघ उरलीय, तेवढी राहू द्या. अहो, मीही म्हातारा आहे. पण मला ठोकून सरळ तरी करता येतं.

नळ बंद झाला. वहिनी ओल्या हातांनी ओट्याशी आली आणि तिने मला पिठावर टेकवून दाबलं. चकती निघाली. गोल, चहूबाजूंनी गोल.

आजीने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. 

मग आत्याने सारणाचं भांडं वहिनीकडे सरकवलं.