ज्ञानूची तिसरी चौकट

आमच्या घरात चित्र आधी होतं आणि बोलणं मागून येतं. बाकीचे व्यंगचित्रकार आधी विनोद ठरवतात आणि मग पेन उचलतात, असं ऐकून आहे. आमच्या ह्यांचा कारभार उलटा. हे म्हणजे प्रसेनजीत, माझे मिस्टर. कोल्हापूरच्या एका दैनिकात ह्यांची तीन चौकटींची चित्रमालिका रोज छापून येते, 'ज्ञानूचं काय म्हणणं हाय?' पहिल्या दोन चौकटींत गावात काहीतरी घडतं, तिसरीत ज्ञानू एक वाक्य बोलतो आणि वाचणारा हसतो. हसला नाही तर सगळी शाई पाण्यात.

ज्ञानू म्हणजे माझे सासरे, अण्णासो. मी त्यांना मामा म्हणते. तेच ते मोठं नाक, तोच खांद्यावरचा टॉवेल. गडमुडशिंगीतल्या दूध डेअरीत मामांनी आयुष्यभर फॅट तपासला. दुधात पाणी घालून आणणाऱ्याला ते सगळ्या रांगेदेखत चार शब्दांत असे धुवायचे, की तो माणूस पुढं आठवडाभर म्हशीलासुद्धा तोंड दाखवत नसे. रिटायर झाल्यावर मामांना रांग मिळेना आणि ह्यांना विनोद सुचेनात. मग दोघांचं जमलं.

रोज दुपारी हे तिन्ही चौकटी काढून, शाई मारून मोकळे व्हायचे. ज्ञानूच्या डोक्यावरचा फुगा तेवढा रिकामा. चारच्या चहाला कागद मामांच्या पुढ्यात यायचा. मामा चष्मा पुसायचे, चित्राकडं बघायचे आणि पहिलं विचारायचे, "किती शब्दांची जागा हाय?"

"चार बसतील, दादा," हे वडलांना सांगायचे.

एकदा चित्रात जिममधल्या पट्ट्यावर घामाघूम पोरगं पळत होतं. काका, पाच किलोमीटर झालं, असं ते ज्ञानूला सांगत होतं. मामांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "मग अजून हितंच कसा?" बरोबर चार. मी ते फुग्यात लिहिलं, स्कॅन करून कॉम्प्युटरवर रंग भरले आणि शाहूपुरीतल्या ऑफिसला मेल केलं. अक्षर माझं, रंग माझे, चित्र ह्यांचं, जीभ मामांची. असा आमचा कारखाना.

पावसाळ्यात, वर्षावासात, बुद्धविहारात ग्रंथवाचन असतं. ते ऐकून येताना मामा आमच्या दारातच कोसळले. अर्धांगवायू. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता, तोंड उजवीकडं खाली ओढलं होतं आणि वाचा गेली होती. समजत सगळं होतं. लाईटबिलवाला आला तर डाव्या हातानं कपाट दाखवायचे. पण तोंडातून शब्द म्हणून निघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या, पण बोलण्याची आशा फार धरू नका. हे ऐकलं आम्ही दोघांनी, पण घरी आल्यावर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

ह्यांनी आपलं टेबल पुढच्या सोप्यातून उचललं आणि माळ्यावर नेलं. म्हणाले, "दादास्नी कागद दिसला की तरास हुईल." मलाही ते पटलं. आता तिसरी चौकट हे स्वतःच भरायला लागले, आणि काय भरायचे ते विचारू नका. 'आरोग्य हीच खरी संपत्ती, समजलं का?' असलं काहीतरी. मी निमूटपणे लिहायची. गावातला केरबा न्हावी ह्यांना तोंडावर म्हणाला, "पावणं, तुमचा ज्ञानू शाळामास्तर झालाय की." त्यानंतर शाहूपुरीतून पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. गोड बोलत होते. थोडे दिवस थांबवूया का, म्हणाले. आठवडाभर बघतो आणि ठरवतो. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मालिका गेली तर ह्यांचं काय उरणार होतं, हा विचार माझ्याही डोक्यातून जाईना.

इकडं मामांचं एक नवीनच सुरू झालं होतं. दिवसभर शांत असायचे, पण चारला चहा दिला की बिघडायचे. कप बाजूला ढकलायचे, जिन्याकडं बघून घशातून आवाज काढायचे, डावा हात खाटेवर आपटायचे. आम्ही साखर कमी करून बघितली, जास्त करून बघितली. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गोळी घेऊनही मामा बरोबर चारला जागे.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी कप उलटवला. गरम चहा माझ्या पायावर. माझं डोकंच फिरलं. ओरडणार होते, एवढ्यात मामांनी डाव्या हातानं हवेत एक चौकोन काढला. मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. आणि तिसऱ्यावर बोट ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

मला माझीच लाज वाटली. हा माणूस इतके दिवस आपल्या कामाची वाट बघत होता आणि आम्ही त्याला झोपवत होतो. मी माळ्यावर गेले आणि ह्यांच्यासमोरचा कागद उचलला.

"अगं, शाई वली हाय."

"असू दे. खाली चला."

कागद मामांच्या मांडीवर पाटावर ठेवला. मामांनी चष्मा मागितला. चित्रात ग्रामपंचायतीसमोर माणसं भांडत होती आणि ज्ञानू टॉवेल झटकत उभा होता, धडधाकट. ह्यांनी चाचरत आपलं वाक्य वाचलं. मामांनी नाही म्हणून मान हलवली. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. मान नाहीच म्हणत होती. मग मामांनी डावा तळवा उचलला आणि त्या रिकाम्या फुग्यावर ठेवला. तो काही उचलेनात.

"बंद करू म्हंता, दादा?" ह्यांनी विचारलं. "ज्ञानूला बंद करू?"

मामांनी जोरात नाही केलं. तळवा काढला, बोट ज्ञानूच्या तोंडावर टेकवलं. मग तेच बोट स्वतःच्या वाकड्या ओठावर. पुन्हा तळवा फुग्यावर.

मला कळलं. ह्यांनाही कळलं, कारण हे एकदम उठून उभे राहिले.

"न्हाय. ज्ञानूला काय झालेलं न्हाय."

"मग कुणाला झालंय?" मी म्हणाले. "कागदावरचा बाप चालता-बोलता ठेवलाय तुमी, आनि खरा बाप हितं रोज चहा टाकून वाट बघतोय. कवापास्नं चाललंय हे."

इतकं कठोर मी ह्यांना कधी बोलले नव्हते. हे माळ्यावर गेले. आता राग धरून बसतील असं वाटलं, पण कोरा कागद, पेन आणि दाढीचा आरसा घेऊन खाली आले. चेहऱ्यावरचे भाव काढायचे असले की हे आरशात बघून स्वतःचं तोंड वेडंवाकडं करतात आणि ते काढतात. पण आज ज्याचं तोंड काढायचं होतं तो माणूस हातभर अंतरावर बसला होता. त्याच्याकडं बघून काढायचा ह्यांना धीर नव्हता.

पाट खाटेवर ठेवून हे खाली बसले. माणसं, ग्रामपंचायत भराभर झाली. शेवटी ज्ञानू. हातात काठी, खांद्यावर टॉवेल, उजवा हात लोंबता. डोक्यावर फुगा नाही. हे आरशात बघून आपला उजवा गाल बोटानं खाली ओढत होते, बघत होते, काढत होते. मला ते बघवेना, तरी मी हलले नाही.

चित्र झालं तेव्हा मामांनी वाकून बघितलं आणि ज्ञानूच्या दुसऱ्या गालावर बोटानं टकटक केलं. बाजू चुकली होती. आरशात उजवा गाल उजवीकडंच दिसतो, समोरच्या माणसाचा डावीकडं. आयुष्यभर आरशात बघून काढणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

ह्यांनी आरसा पालथा घातला. मग पहिल्यांदाच मामांच्या तोंडाकडं बघितलं. नीट, चित्रकारानं बघावं तसं. चुकलेल्या गालावर पांढरा रंग लावला, तो वाळायची वाट बघितली आणि दुसरीकडचा ओठ खाली ओढला. मामा हनुवटी उचलून, तोंड उजेडाकडं करून बसले होते.

शेवटची रेघ मारल्यावर हे म्हणाले, "दादा, तुमास्नी आता बोलाय यायचं न्हाय."

मामांनी हो म्हणून मान हलवली.

"कवाच न्हाय."

मामांनी पुन्हा मान हलवली, आणि हे पाटावर ओणवे होऊन लहान पोरासारखे रडायला लागले. मामांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. आधी डाव्या हातानं पाटावरचा कागद हळूच ओढून घेतला, टिपं पडणार नाहीत इतका लांब सरकवला आणि माझ्याकडं दिला. शाई अजून ओली होती. मग त्यांनी तो हात ह्यांच्या डोक्यावर ठेवला.

मी कागद आडवा धरून वर गेले. रंग भरायचे राहिले होते आणि शाहूपुरीला सातच्या आत पाठवायचं होतं.