आधी नानांचं

प्राध्यापकांच्या बढतीला रांग नसते. आपली वर्षं भरली, शोधनिबंध छापून आले की आपण आपली फाईल द्यायची. दुसऱ्याचं काय झालं याच्याशी तिचा संबंध नसतो. हे नियमात लिहिलंय आणि मला चांगलं ठाऊक होतं. पण आमच्या भूगोल विभागात रांग होती. विभागप्रमुख जीवराम बोरसे, म्हणजे आमचे नाना, वयानं माझ्याहून मोठे. ते सहयोगी प्राध्यापक, मीही सहयोगी प्राध्यापक. मोठ्यांच्या आधी आपण प्रोफेसर व्हायचं आणि मग त्याच खोलीत त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचा, हे अमळनेरात शोभत नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. मीच थांबले होते.

रोज सकाळी मस्टरवर सही करताना मी विचारायचे, "नाना, तुमचं कुठवर आलं?"

नाना चष्मा पुसत म्हणायचे, "हुई जाई वो ताई. विद्यापीठमा पडेल शे."

विद्यापीठात पडलंय, यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. दर दोन-तीन वर्षांनी नियम बदलायचे. आधी गुण मोजायचे. चर्चासत्राला जाऊन नुसतं जेवून आलं तरी गुण. मग गुण गेले आणि मान्य नियतकालिकांची यादी आली. निबंध तिच्यात बसवतोय तोवर यादीच रद्द झाली. प्रत्येक वेळी मी फाईल नव्यानं लावली, झेरॉक्सवाल्याचं भलं केलं आणि ती कपाटात ठेवून दिली. तापीकाठच्या जमिनींवरचं माझं काम जुनं होत चाललं होतं, आणि मीही. माझे मिस्टर प्रेमराज म्हणायचे, "तुझ्या नानांचं लग्न जमेना आणि तू इकडे मुंडावळ्या बांधून बसलीस!" मी हसायचे. पण मला प्रोफेसर व्हायचं होतं. साक्रीकडच्या खेड्यातून शिकायला निघाले तेव्हापासून व्हायचं होतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

यंदा आणखी एक परिपत्रक आलं. बढती आता पात्र झाल्याच्या दिवसापासून धरणार नाहीत, अर्ज केल्याच्या दिवसापासून धरतील. जुन्या निकषांवर अर्ज घेण्याची ही शेवटची वेळ. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, आता नाही तर विसरा." नाना येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. मी त्यांच्या टेबलापाशी गेले. 

"नाना, मी फाईल देऊ का?"

"दे ना," नाना म्हणाले. "मी कधी नाही म्हटलं?"

खरंच, कधी म्हटलं नव्हतं. मला उगाच राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली.

मुलाखत जळगावला होती. आम्ही दोघं एकाच एसटीनं गेलो, कारण विभागप्रमुख म्हणून नानांना समितीत बसणं भाग होतं. मी टेबलाच्या अलीकडे, नाना पलीकडे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई फाईल मन लावून वाचत होत्या. कामाचं कौतुक त्यांनी मोकळेपणानं केलं. मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "तुम्ही केव्हाच्या पात्र आहात. इतक्या उशिरा अर्ज का? कुठे अडलं होतं?"

काय सांगणार? मोठ्यांचं आधी व्हावं म्हणून थांबले, असं म्हटलं तर परक्या माणसांसमोर नानांची शोभा होणार. मी म्हटलं, "घरच्या अडचणी होत्या."

"घरचं काही नव्हतं," नाना म्हणाले. ते टेबलाकडे बघत होते. "ती माझ्यासाठी थांबली होती. माझं आधी व्हावं म्हणून. आणि मी अर्ज केलाच नव्हता. एकदाच केला होता, खूप पूर्वी. फाईल परत आली, तेव्हापासून पुन्हा दिलीच नाही."

 बाईंनी समितीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "वाईट वाटतं. पण तारीख अर्जाचीच लागेल. मागची वर्षं धरता येणार नाहीत."

मला प्रोफेसर केलं. मी आभार मानले आणि बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले. आनंद कुठेतरी असेल म्हणून शोधत होते, सापडला नाही. नुसता थकवा होता. थोड्या वेळानं नाना आले.

"मला सांगायचं तरी होतं, नाना. इतकी वर्षं!"

"कसं सांगू तुले?" नाना म्हणाले. "तू रोज इचारे, नाना, तुमचं कुठवर आलं. तेवढं इचारणारं मले दुसरं कोनी नव्हतं. एकदा सांगं असतं, तर तू इचारनं बंद करी देती."

त्यांचं दुःख मला समजलं. पण त्याची किंमत माझ्याकडून का, तेही मला न विचारता? मी फाईल काखेत घेतली आणि स्टँडकडे निघाले. 

स्टँडवर आलो तेव्हा अमळनेरची गाडी भरलेली होती. एकच जागा रिकामी होती, खिडकीशेजारची. नाना सवयीनं तिच्याजवळ जाऊन थांबले, मी "बसा" म्हणेन म्हणून. मी त्यांच्या बाजूनं आत शिरले आणि बसले. गाडी सुटली. नाना वरचा दांडा धरून उभे राहिले. वळणावर ते झोकांडले, पिशवी त्यांच्या गुडघ्यावर आपटली, आणि मला फार वाईट वाटलं. धरणगाव गेलं. तरी मी उठले नाही.