कोऱ्या कागदावरची हळद

लोकांना वाटतं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं की कागद आपोआप खरं बोलायला लागतो. डोंबल! कोर्टाच्या परवानगीने काढलेले एकाच कागदाचे फोटो मी किती दिवस चाळत होते. काही तिरप्या उजेडातले, काही जांभळ्या उजेडातले. रंग वेगळे करायचे, रेषा मोठ्या करायच्या आणि डोळे फोडून घ्यायचे.

कागद देवळाली प्रवराचा. वडिलांच्या उसाच्या जमिनीतला हिस्सा, माझ्याकडे सही-शाई तपासून घ्यायला आलेल्या मोनिकाने भावासाठी, समर्थसाठी, सोडला असं त्यावर लिहिलेलं. सही तिचीच. पण वीजमीटरसाठी म्हणून समर्थने कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि मजकूर नंतर भरला, असं तिचं म्हणणं. ते सिद्ध झालं तर हिस्सा तिला मिळणार होता. आईला यातलं काही ठाऊक नाही, हेही ती न विचारता दर वेळी सांगायची.

आणि ते सिद्ध झालं. ती कर्जतहून आली तेव्हा तिच्यापेक्षा मीच खुशीत होते.

"हा हळदीचा डाग बघा," मी स्क्रीनवर दाखवलं. "तुमच्या सहीच्या शेपटावर हळद बसलीय, म्हणजे सही आधीची. मजकुराची शाई मात्र हळदीवरून गेलीय. म्हणजे मजकूर सगळ्यात शेवटी."

तिने हात जोडले. "लई उपकार झाले, मॅडम."

"हळद कुणी लावली, ते कोर्ट विचारेल."

"आमच्यात नव्या कागदाला लिवायच्या आधी हळदीचं बोट लावत्यात. आईच लावती. दुसऱ्या कुनाला लावू देत न्हाई..." ती स्क्रीनकडे वाकली.

मी डाग मोठा केला. बोटाच्या रेषा उमटल्या होत्या, त्यांतून आडवा गेलेला जुन्या जखमेचा व्रण.

"इळ्यानं बोट कापलं हुतं आईचं," ती म्हणाली. "म्हंजी माझ्या सहीचा कोरा कागद आईनं बघितला हुता. बघून हळद लावली."

मला माझ्या हुशारीचाच राग आला.

"रिपोर्टात हळदीचं लिवलं न्हाई तर?"

"तर काहीच सिद्ध होत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. आईला कोर्टात उभं करून हिस्सा घेऊ व्हय?"

मी समजवायला गेले, तिने ऐकलं नाही. जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा कठड्याला धरून ती रडायला लागली.

"दिवाळीला आई फोन करती, ये म्हनून. समर्थवर रुसलेय, म्हनून मी जात न्हवते. आता तिला काय सांगू मॅडम, कुनावर रुसले?"