माझे सगळे दात शाबूत आहेत

मी गोगलगाय बोलतेय. काचेच्या खालच्या कोपऱ्यात मसुरीच्या डाळीएवढा ठिपका दिसतोय ना, तीच मी. परवा एका बाईंनी मला कचरा समजून काचेवर टिचकी मारली, म्हणून हल्ली मी आधी ओळख करून देते.

माझा जन्म एका पानाच्या पाठीवर, चिकट थेंबात झाला. सोबत वीस-पंचवीस भावंडं. ते रोप माशांच्या दुकानातून विकत आलं आणि त्याच्यासोबत आम्ही फुकटात आलो, थेट दातांच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत पेशंट जीव मुठीत धरून बसतात. त्यांचं मन रमावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी नवी कोरी काचेची टाकी मांडली होती. मासे अजून यायचे होते. "महिनाभर नुसतं पाणी फिरू द्या, खड्यांवर चांगले जंतू धरू द्या, मगच मासे सोडा," असं दुकानदाराने त्यांना बजावलं होतं.

पण बाईंना स्वच्छतेचं भारी वेड. आमच्या आधीही एक रोप आलं होतं म्हणे. हे मला पाण्याच्या पंपाने सांगितलं, त्याला दिवसभर बडबडायची सवयच आहे. त्या रोपावर दोन-चार बारके जीव दिसताच बाईंनी टाकीतले खडे काढले आणि हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रात घातले. पाठोपाठ रोपही घातलं. रोपाची पार भाजी झाली. त्या जिवांचं काय झालं ते मला सांगवत नाही. महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाला आणि दुकानदाराने कपाळावर हात मारून घेतला.

मग आम्ही आलो. पंधरा दिवसांत टाकीत चांगली वस्ती झाली. आम्ही भावंडं, काचेवर सरपटणारे दोऱ्यासारखे पांढरे किडे, आणि उगाच टुणटुण उड्या मारणारे ठिपके. त्या ठिपक्यांशी माझं जमत नाही. त्यांना एका जागी बसवत नाही आणि मला बसल्याशिवाय करमत नाही. तरी शेजारी ते शेजारी.

एका पेशंटने हे सगळं चष्मा लावून पाहिलं. "पाण्याची ही गत, तर माझ्या तोंडाची काय करतील?" असं म्हणून तो चालता झाला. नाव लिहून घ्यायला बाईंची आत्या बसते. तिने ते शब्द जसेच्या तसे आत पोचवले, वर पदरचे चार घातले. बाईंचा चेहरा उतरला. दवाखाना नवा, पेशंट मोजके, त्यात ही बदनामी.

"शनिवारी टाकी रिकामी करते. सगळं यंत्रात घालते," त्या म्हणाल्या. माझं धाबं दणाणलं. तो शुक्रवार होता.

त्याच दिवशी नळवाले काका आले. काकांची दाढ तीन आठवडे ठणकत होती. आधी तीनदा ते येऊन टाकीसमोर बसले होते, आणि नाव पुकारताच "जरा नळ चालू राहिलाय" म्हणत पळाले होते. एवढा मोठा माणूस, दिवसभर अंधाऱ्या पाइपांत हात घालणारा, पण स्वतःच्या तोंडात कुणाला डोकावू देईना.

शनिवारपर्यंतही बाईंना धीर निघेना. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा आणि हातात चिमटा घेऊन त्या हात धुऊन आमच्या मागे लागल्या. पहिला नंबर माझा. मी काचेवरचं शेवाळ खात होते. पळणार कुठे? मी खातच राहिले. मरायचंच तर उपाशी कशाला?

चिमटा पाण्यात थांबला.

"आत्या, हिचं तोंड बघ. उघडतंय, मिटतंय. काहीतरी खरवडतेय." बाईंनी फोनमध्ये शोधलं आणि मोठ्याने वाचलं, "गोगलगायीच्या जिभेवर हजारो दात असतात. झिजले की मागून नवे येतात."

"दात आहेत? मग उपट," आत्या म्हणाली.

"अगं, किडायच्या आत नवे येतात! माझ्याकडे असा एक तरी पेशंट आहे का?"

बाईंनी चष्मा उतरवून काकांना दिला. काका काचेला नाक लावून बघू लागले. माझं तोंड उघडलं की त्यांचंही उघडायचं, मिटलं की मिटायचं. मला हे लक्षात आलं आणि मी आयुष्यात घेतला नाही एवढा मोठा घास घेतला. काकांनी मोठा आ वासला.

"आता असंच राहा, काका," बाई हळूच म्हणाल्या आणि आत डोकावल्या. "एवढंच होय? अर्ध्या तासाचं काम आहे."

काका आ वासूनच आत गेले. दाढ वाचली, आणि मीही.

शनिवारी टाकी रिकामी झाली नाही. महिना पहिल्यांदाच पुरा झाला, आणि काल दुकानदार मासे घेऊन आला. "हे सोडा. गोगलगायींचा एका दिवसात फडशा पाडतात," तो कौतुकाने म्हणाला. मी शंखात शिरले.

"मग दुसरे दाखवा," बाई म्हणाल्या. "हिला धक्का लागता कामा नये. दवाखान्यात एवढे चांगले दात आणखी कुणाचे नाहीत."

तुमच्याही घरी नवी टाकी असेल आणि काचेवर न बोलावलेलं कुणी दिसलं, तर चिमटा उचलण्याआधी एकदा त्याचं तोंड बघा. निदान त्याचा घास संपेपर्यंत तरी थांबा.