किल्ल्यांचा आवाज कुणी खाल्ला?

मी हेडफोन. जुना आहे, एका कानाची गादी फाटली आहे, पण मित्रांनो, मी बिघडलेलो नाही! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या घरात हल्ली गरिबावर आळ घ्यायची पद्धत पडली आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट ताईच्या डोक्यावर बसलो. ताई ध्वनिमुद्रित भाषणं ऐकून टाइप करायची. लोकांचे खोकले, ठसके, अर्धवट गिळलेले शब्द पंधरा वर्षं मी तिच्या कानात इमानेइतबारे पोचवले. "माझा हेडफोन कधी खोटं बोलत नाही," असं ती कौतुकाने सांगे.

ताईकडे आईच्या आवाजाची एक फाइल होती. आई वसतिगृहाचं कोठार सांभाळायची. त्या फाइलीत ती जिना चढता चढता ताईच्या धाकट्या भावाला रागावते आणि तिच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा पायरीगणिक खुळखुळतो. आई गेल्यावर दर रविवारी ताई मला लावून तेवढंच ऐकायची.

मग धाकट्याने कॉम्प्युटर आवरायला घेतला.

"ताई, सगळ्या फाइली दाबून छोट्या करतो. फरक कुणालाही कळत नाही."

"मला कळेल."

"तुला? कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत तुला! चल, परीक्षाच होऊन जाऊ दे."

त्याने सिनेमातलं एक गाणं लावलं. कधी मूळ, कधी दाबलेलं, असं दहा वेळा. ताईची पाच उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती! खरं सांगतो, त्या गाण्यात मलाही फरक सापडला नाही.

"हरले बाई. कर काय करायचं ते," ताई हसून म्हणाली.

त्याने आईची फाइल दाबली. नुसतं बोलणंच तर आहे, म्हणून गाण्यापेक्षाही जास्त दाबली. आणि मूळ पुसून टाकली.

रविवारी ताईने मला लावलं. आई रागावली, शब्दन् शब्द स्पष्ट. पण किल्ल्या? पत्र्यावर वाळू ओतावी तशी नुसती सरसर.

"हेडफोन बिघडला असेल," धाकटा म्हणाला.

मी बिघडलो? अरे, परीक्षा घेतलीस गाण्याची आणि शिक्षा दिलीस आईला! जे पुसायचं होतं, तेच आधी ऐकवायला काय झालं होतं?

ताईने मला हळूच उतरवलं. "बोलतेय आईच रे," ती म्हणाली. "पण जिना चढत नाहीये."

मित्रांनो, गाणी खुशाल दाबा, माझी तक्रार नाही. पण आपल्या माणसाचा आवाज पुसण्याआधी, नेमका तोच आवाज एकदा नीट ऐका.

धाकटा आता नवा हेडफोन आणतो म्हणतोय. आणू दे. त्या नव्यालाही वाळूच ऐकू येईल.